गणपत लोहार आणि न कापलेली पाने

बुधवारी तिसऱ्या तासाला शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात आला आणि गणपत लोहार गेल्याचे त्याने सांगितले. मी फळ्यावर गणित मांडले होते. ते पुरे केले, मुलांना उतरवून घ्यायला सांगितले आणि तास संपेपर्यंत खुर्चीवर बसून राहिलो. मग हेडमास्तरांना सांगून परळीच्या रस्त्याला लागलो. गणपतची भट्टी त्या रस्त्यावर, गावाच्या शेवटी आहे.

याला आता पाच आठवडे झाले. आंबेजोगाईत, म्हणजे निजाम सरकारच्या कागदांतल्या मोमिनाबादेत, त्याला त्याच्या नावाने ओळखणारे थोडे आहेत. ‘उलट्या ड्रायव्हर’ म्हटले की बाजारातला कोणीही माणूस त्याची भट्टी दाखवत असे. हे नाव त्याला कसे पडले याची गोष्टही लोक सांगतात, पण ती अर्धीच सांगतात. उरलेली अर्धी मला माहीत आहे, कारण ती माझी आहे. आठ वर्षे मी ती कोणाला सांगितली नाही.

गणपत मूळचा धाव चढवणारा. बैलगाडीच्या चाकावर तापलेली लोखंडी धाव अशी बसवायचा की चाक झिजून जाई पण धाव ढिली होत नसे. आमच्या गावचे देशमुख, ज्यांची शेती तेलगावाकडे आहे आणि राहणे इथे, त्यांनी पहिली मोटार आणली तेव्हा तिच्याबरोबर हैदराबादेहून एक ड्रायव्हर आला होता. त्याला हे गाव मानवले नाही. चार महिन्यांत तो निघून गेला आणि मोटार छपराखाली उभी राहिली. देशमुखांनी गणपतला बोलावले. “बे गणपा, तुला लोखंड कळतं ना? मग हेबी लोखंडच हाय.” गणपतने एका उन्हाळ्यात ती सगळी सोडवली, पुसली, पुन्हा जोडली आणि पहिल्या पावसाच्या आधी चालवत बाजारातून नेली.

त्याला वाचता येत नव्हते. मोटारीबरोबर आलेली माहितीची चोपडी इंग्रजीत होती, म्हणून देशमुखांनी मला सांगितले. शुक्रवारी शाळेला सुट्टी असे. मी सकाळी जाऊन छपराखाली बाजेवर बसायचो आणि एकेक वाक्य मराठीत करून सांगायचो. गणपत मोटारीखाली पडून ऐकायचा. मागच्या आसात एक पेटी असते, वळताना बाहेरच्या चाकाला जास्त वाट चालावी लागते म्हणून ती दोन्ही चाकांना वेगवेगळे फिरू देते... हे एवढे समजून घ्यायला मला अर्धा तास लागला होता. मोटारीखालून आवाज आला, “म्हंजी खळ्यावरचे बैल. मधल्या मेढीजवळचा जागच्या जागी वळतो, कडंचा पळतो. एका दाव्यात हायत, पर चाल येगळी.” मी पुस्तकातली आकृती पुन्हा पाहिली. बरोबर तेच होते. त्यानंतर कितीतरी शुक्रवार असे झाले की शब्द माझ्याकडून गेले आणि अर्थ त्याच्याकडून आला. मी मुलांना काही शिकवताना त्याचे दाखले देऊ लागलो. ते त्याचे आहेत हे मात्र मुलांना सांगत नसे.

मग देशमुखांनी दुसरी मोटार घेतली. हैदराबादेतल्या कोणा नवाबाची हौस फिटली होती, त्याची ती. फ्रान्समध्ये बनलेली, लांब नाकाची, उघडी आणि इतकी ठेंगणी की उभ्या माणसाच्या कमरेला तिचे दार लागे. नेहमीच्या मोटारीत इंजिनाचा जोर एका लांब दांड्याने मागच्या चाकांना जातो आणि ती मोटारीला पुढे ढकलतात. या मोटारीत तो दांडाच नव्हता. जोर पुढच्याच चाकांना. तीच वळायची, तीच ओढायची. गणपत तिच्याखाली शिरला आणि बऱ्याच वेळाने बाहेर आला. “मास्तर, हिच्या मागं काईच न्हाई. मागली चाकं नुस्ती वरातीला आल्यात.”

तीन आठवडे तो दोन्ही मोटारी आलटून पालटून चालवत होता. कधी धर्मापुरीच्या रस्त्याने, कधी नदीच्या वाळूत, कधी पाणी सोडलेल्या शेताच्या कडेने. मी एकदा त्याच्याबरोबर गेलो. ओल्या मातीच्या वळणावर त्याने जुनीला जोर दिला तेव्हा तिचे शेपूट बाहेर सरकले आणि मी दार घट्ट धरले. तो हसला आणि हातातले चक्र उलट फिरवून तिला सरळ केले. नव्या मोटारीत त्याच वळणावर तसे काही झाले नाही. उलट जोर देताच ती हट्टाने सरळच जाऊ लागली, आणि त्याने पाय काढला तशी पुन्हा आत वळली.

“जुनी ढुंगणाला सांगती, नवी हाताला,” तो म्हणाला. “जुनी सरकाया लागली की बसल्या जागी कळतं. नवी काय करणार ते चक्रात कळतं, हात दुकवती पर खोटं बोलत न्हाई.”

“मग पळवायला चांगली कोणती?”

“रस्त्याला इचारा. सपाटीला, वळणाला नवी. चाकोरीतून भाईर काडाया तर नवीच, तिचं तोंडच तिला वडतंय. चढाला मातर जुनी.”

“का?”

“चढाला गाडी उलार व्हती, मास्तर.”

हा गाडीवानांचा शब्द. बैलगाडीत मागे वजन जास्त झाले की पुढचे जू वर उचलते. तिला उलार झाली म्हणतात. म्हणून घाट लागायच्या आधी गाडीवान पोती पुढे सरकवतो आणि स्वतः पुढे धुरेवर येऊन बसतो. गणपतने मला मातीवर काडीने चढ काढून दाखवला. चढावर वजन मागच्या चाकांवर जाते. जुन्या मोटारीची जोर करणारी चाके मागेच आहेत, तिला ते पावते. नवीची पुढे आहेत, ती हलकी पडतात, आणि हलके चाक खडीवर नुसते फिरत राहील.

“मग ही परळीचा घाट चढणारच नाही?”

“चढंल की. उलटी चढवायची. तोंड खाली परळीकडं ठिवून मागं-मागं वर न्यायची. मंग वडणारी चाकं खालच्या अंगाला, समदं वजन त्यांच्यावर.”

देशमुखांनी नव्या मोटारीसाठी मुंबईहून एक जाड इंग्रजी पुस्तक मागवून मला दिले होते आणि ते मी वाचत होतो. त्यात पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या मोटारीची बरीच स्तुती होती: ओढलेली वस्तू ढकललेल्या वस्तूपेक्षा सरळ चालते, वगैरे. उलटे चढण्याचा उल्लेख मी वाचलेल्या भागात कुठे नव्हता. वाचलेल्या भागात... हे तेव्हा मी स्वतःलाही म्हटले नाही.

देशमुखांना नवी मोटार घाटातून चढताना लोकांना दाखवायची होती. तहसिलीतल्या पेशकारांना त्यांनी बोलावले, मलाही बोलावले, आणि आम्ही सकाळी परळीला जाऊन वैजनाथाचे दर्शन घेतले. परतताना घाटाच्या पायथ्याशी गणपतने मोटार थांबवली. तिथे गाडीवान बैलांना पाणी पाजत होते. ते सगळे भोवती जमले. देशमुख पुढे गणपतच्या शेजारी बसले होते, पेशकार आणि मी मागे. पुस्तक माझ्या मांडीवर होते.

“सरकार, एक अर्ज हाय,” गणपत खाली उतरून म्हणाला. “वरच्या वळणाला नवी खडी टाकल्याली हाय. तिथनं गाडी उलटी घेतो.”

“उलटी म्हंजी?”

“तोंड खाली. मागं-मागं वर.”

पेशकार हसले. “देशमुखसाहेब, गावाला पहिलं दर्शन कशाचं देणार? तुमच्या तोंडाचं का मोटारीच्या बुडाचं?”

देशमुखांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडे वळले. “मास्तर, पुस्तक काय म्हणतं?”

पुढची चाके ओढतात हाच या मोटारीचा मोठा गुण, असे पुस्तकात लिहिले आहे, असे मी सांगितले. ते खरे होते. मी तिथेच थांबायला हवे होते. पण पेशकार माझ्याकडे पाहत होते, गाडीवान कान देऊन उभे होते, आणि मला एक वाक्य सुचले होते. ते मला फार चांगले वाटले.

“गणपत,” मी म्हणालो, “घाट आला की तू बैल गाडीच्या मागं जुंपतोस का रे?”

सगळे हसले. देशमुखही हसले. एक गाडीवान म्हणाला, “उलट्या ड्रायव्हर हाय त्यो. बैलाला शेपटीकून चारा घालतो.” पुन्हा हशा झाला. ते नाव तिथे, त्या क्षणी पडले. गणपतही थोडासा हसला. त्याने एकदा माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडे पाहिले आणि हळू आवाजात म्हणाला, “मंग मास्तर, तुमी आन् पेशकारसायब तेवडं वळण चालत या. मागलं वजन तरी कमी व्हईल.”

पेशकारांच्या पायात नवे पंपशू होते, ते उतरणार नव्हते. मी उतरू शकलो असतो. पण ज्याने नुकतेच चार लोकांना हसवले तो माणूस कसा उतरणार? “चल रे, काही होत नाही,” मी म्हणालो.

बैल आपल्या पायांवर, आपल्या वजनाने उभा असतो. चाकाला स्वतःचे वजन नावापुरतेच. त्याच्यावर जे बसेल तेच त्याचे. माझ्या दाखल्यातली ही चूक चौथीतल्या मुलालाही समजावून सांगता येईल, आणि मी तर तिरप्या पृष्ठभागावरच्या भाराची गणिते शिकवत होतो.

वळणापर्यंत मोटार चांगली आली. नव्या खडीवर पुढची चाके जागीच फिरू लागली, दगड उडू लागले, आणि मग मोटार मागे सरकली. गणपतने ब्रेक दाबला. चाके थांबली, पण मोटार थांबली नाही. खडीसकट घसरत राहिली. माझ्या मागे रस्त्याची कड होती आणि तिच्याखाली दरी. “सरकार, ह्ये धरा, सोडू नका,” असे म्हणून गणपतने हातब्रेक देशमुखांच्या हातात दिला आणि उडी मारली. त्याने कडेचा एक दगड उचलला आणि मागच्या चाकाखाली सारला. मोटार थांबली. दगड आणि चाक यांच्यामध्ये त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे होती.

तो ओरडला नाही. पटका सोडून हाताला गुंडाळला आणि कडेला बसला. आम्ही तिघे उतरलो. आमचे वजन कमी झाले तशी मोटारीची पुढची बाजू खाली बसली, हे मी डोळ्यांनी पाहिले.

देशमुख घाबरले होते आणि घाबरलेल्या माणसाला राग लवकर येतो. त्यांनी मला बाजूला घेतले, पण गणपतला ऐकू जाईल इतकेच बाजूला. “मास्तर, खरं सांगा. खोट गाडीत हाय का माणसात?”

“गाडीत खोट नाही,” मी म्हणालो.

एवढेच. माणसात आहे असे मी म्हणालो नाही. आठ वर्षे मी या फरकाचा आधार घेत आलो, आणि त्यात काही तथ्य नाही हे मला तेव्हाच माहीत होते. गाडीवानांचे चार बैल आणले आणि मोटार वर ओढून नेली. बैल पुढेच जुंपले होते. दोन दिवसांनी देशमुखांनी गणपतला कामावरून काढले.

त्या आठवड्यातल्या शुक्रवारी मला कुठे जायचे नव्हते. दुपारी जेवण झाल्यावर मी ते पुस्तक घेऊन बसलो. काही पुस्तकांची पाने छापखान्यातून कडेला जोडलेलीच येतात, वाचणाऱ्याने ती सुरीने कापून घ्यायची असतात. माझ्या पुस्तकाची निम्म्याच्या पुढची पाने जोडलेलीच होती. मी फूटपट्टीने ती कापली. पहिल्याच कापलेल्या पानांवर ते होते. चढावर अशा मोटारीच्या पुढच्या चाकांवरचा भार घटतो. चढ तीव्र आणि खडी सुटी असेल तर मोटार फिरवून मागे-मागे चढवावी. जवळजवळ गणपतच्याच शब्दांत. फक्त ‘उलार’ हा शब्द तेवढा इंग्रजीत नव्हता.

देशमुखांचे घर माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवर आहे. पुस्तक काखेत घालून मी निघालोही होतो. गल्लीच्या तोंडाशी थांबलो, आणि परत आलो. त्या दिवशी मी स्वतःला सांगितले की देशमुखांचा राग शांत होऊ द्यावा. नंतर सांगितले की आता त्यांनी दुसरा ड्रायव्हर ठेवला आहे. त्यानंतर सांगितले की नवी मोटार विकलीच आहे. दर वर्षी एक कारण मिळत गेले. खरे कारण एकच होते. गावात मी वाचणारा माणूस म्हणून ओळखला जातो, आणि न वाचता बोललो हे मला कोणाला कळू द्यायचे नव्हते.

गणपत भट्टीवर परत गेला. तीन बोटांनी घण धरायला तो शिकला, पण धाव चढवण्याचे काम त्याला पूर्वीसारखे जमेना, आणि लोकही ते दुसरीकडे नेऊ लागले. मग विळे, कुऱ्हाडी, खुरपी. “उलट्या, पातं तरी सुलट बसवलंस का बे?” असे गिऱ्हाईक म्हणे आणि तो म्हणे, “वापरून बघ, बोट गेलं तर माजं घे, दोन आदीच दिल्यात.” मी अधूनमधून जाऊन बसत असे. रस्त्याने एखादी उतारूंची सर्व्हिस मोटार गेली की तो हातातले काम थांबवून आवाज ऐकायचा आणि तिचे काय दुखते ते मला सांगायचा. घाटाविषयी आम्ही कधी बोललो नाही. मला वाटायचे, तो विसरला असेल.

आमची शेवटची भेट तो जाण्याच्या दीड महिना आधीची. तो खोकत होता, भट्टी थंड होती. त्याने फडक्यात गुंडाळलेली एक सुरी काढून माझ्या हातात दिली. पातळ, वीतभर लांब, धार बेताची. मूठ बाभळीची.

“घाटात दगडावर बसली तवा त्या मोटारीच्या मागल्या कमानीचा पाटा तुटलता,” तो म्हणाला. “तुकडा माज्यापाशी व्हता. लई चांगलं लोखंड. म्हनलं मास्तरला पानं कापाया व्हईल.”

मी सुरी उलटसुलट पाहिली. कोणती पाने, असे विचारण्याचे धैर्य मला झाले नाही.

“त्या दिशी तुमच्या मांडीवर पुस्तक व्हतं,” तोच पुढे म्हणाला. “निम्मं कापल्यालं, निम्मं जोडल्यालं. मी बघितलतं.”

“मग तेव्हा बोलला का नाहीस?”

“चार मानसांत कसं बोलू? तुमी मास्तर.” त्याने खोकला आवरला. “मला एकच इचारायचं व्हतं. त्या जोडल्याल्या पानांत काय व्हतं वो?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. शुक्रवारी मोटारीखालून विचारायचा तसेच त्याने विचारले. मी फक्त खरे तेवढे सांगायचे होते. भट्टीत आम्ही दोघेच होतो, ऐकायला कोणी नव्हते.

“विशेष काही नाही,” मी म्हणालो. “दिव्यांचं, तेलपाण्याचं.”

“हां,” तो म्हणाला. “मला वाटलं व्हतं, आसंल काईतरी.”

मी सुरी घेतली आणि घरी आलो.

त्या बुधवारी मी भट्टीवर पोचलो तेव्हा त्याला नेले होते. दहा दिवसांनी मी पुन्हा गेलो. त्याची बायको सोनाबाई दारात बसली होती. तिने मला पाणी दिले, आणि मी भांडे खाली ठेवल्यावर म्हणाली, “मास्तर, एक इचारू? जल्मभर लोकं त्यास्नी उलट्या म्हनले. माजा भाऊबी म्हनायचा. तुमी शिकल्यालं मानूस. त्या दिशी त्यांचं बरूबर व्हतं का?”

“बरोबर होतं,” मी म्हणालो. “पुस्तकात तसंच लिहिलंय.”

“तुमाला कवा कळलं?”

“त्याच आठवड्यात.”

तिने भांडे उचलून हातात धरले. “मंग त्यास्नी कावून न्हाई सांगितलं?”

ती भांडे घेऊन आत गेली, आणि मी थोडा वेळ बसून उठलो.

तिथून मी देशमुखांकडे गेलो. वाटेत घरातून पुस्तक घेतले. ते पान उघडून मराठीत करून त्यांना वाचून दाखवले, आणि ते केव्हा कापले तेही सांगितले. देशमुख आता थकले आहेत. त्यांनी पुस्तक हातात घेऊन इंग्रजी अक्षरांवरून बोट फिरवले. “तवा सांगितलं असतंत,” ते म्हणाले, “तर गणपा माझ्याकडंच राहिला असता.” पुस्तक त्यांनी मला परत दिले.

हे लिहून काढायला मला बरेच दिवस लागले. आंबेजोगाईतले आणि परळीतले जे कोणी हे वाचतील त्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की घाटात चूक गणपतची नव्हती. मोटार कशी चढवायची ते त्याला माहीत होते, त्याने ते सांगितले होते, आणि आम्ही तिघे त्या दिवशी दरीत गेलो नाही ते त्याच्या दोन बोटांमुळे. ज्यांना त्याची गोष्ट सांगायची असेल त्यांनी ती यापुढे त्याच्या नावाने सांगावी.

भट्टी बंद आहे. पुस्तक माझ्या टेबलावर आहे, त्यातली सगळी पाने आता कापलेली आहेत. गणपतची सुरी त्या एका पानात ठेवली आहे.